15 वर्षांची सँट्रो: घाटात चढणारा काटा, सकाळी अडणारा सेल्फ आणि घरी करण्यासारखी कामं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 2010 ची पेट्रोल सँट्रो झिंग, वडिलांनी घेतलेली, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेली. आरसी नुकतीच 5 वर्षांसाठी रिन्यू केलीय. कराडहून चिपळूणला आजोळी जाणं-येणं असतं. परतताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलं की टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकतो. कराडात मात्र कधीच सरकत नाही. सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ कट-कट-कट करतो, दोन-तीनदा मारल्यावर गाडी पकडते. ॲव्हरेज 15-16 वरून 12-13 वर आलंय. एका मेकॅनिकनं थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायला सांगितलंय, दुसऱ्यानं बॅटरी, अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) आणि सेल्फ तिन्ही बदलायला. यातलं घरी काय करता येईल, आणि गाडी ठेवावी की काढावी?

गाडी ठेवा. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी या वयाच्या प्रत्येक गाडीला येतात आणि तिन्हींचं मूळ घरच्या अंगणात शोधता येतं. फक्त एक पथ्य पाळा: मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांवर सर्वांत जास्त पैसा जातो तो बिघाडामुळे नाही, 'हे बदलून बघू, नाही झालं तर ते बदलू' या पद्धतीमुळे. तीन पार्ट बदलले, चौथ्याला गाडी बरी झाली, की पहिल्या तिघांचे पैसे गेले. शिवाय कंपनीचे चांगले पार्ट निघून त्यांच्या जागी लोकल माल बसला, तो वेगळाच तोटा.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, 8 ते 19 पर्यंतचे रिंग पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हवेचा प्रेशर गेज, चांगला टॉर्च आणि एक 200 पानी वही. गाडीखाली जायचं असेल तर जॅक स्टँडची जोडी. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. जमीन जरा उतरती असली, चाकाला ओंडका नसला, की जॅक आडवा व्हायला क्षण लागत नाही. अशी माणसं मी दवाखान्यात पोचवलेली आहेत.

आता घाटातला काटा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण चुकलं तर इंजिनावर बेततं.

गाडी कुठे तापते यावरून निम्मं निदान होतं. गावात, सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागल्यावर थंड होते, तर दोष बहुधा फॅनचा: मोटर, रिले, फ्यूज किंवा स्विच. कारण वेग आला की वारा फॅनचं काम करतो. उलट गावात ठीक आणि चढाला किंवा सलग वेगात तापते, तर फॅन फिरतोय पण पाणी पुरेशी उष्णता बाहेर टाकत नाहीये. म्हणजे रेडिएटर आतून किंवा बाहेरून जाम, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, कूलंट (रेडिएटरमधलं रंगीत पाणी) कमी, झाकण प्रेशर धरत नाही, किंवा वॉटर पंप थकलाय. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारात येते. घाटात इंजिनावर ताण जास्त आणि वेग कमी, त्यामुळे फॅनही धडधाकट लागतो, म्हणून तोही बघून घ्या: इंजिन सुरू करून एसी लावला की समोरचे फॅन फिरायला हवेत. न फिरल्यास आधी फ्यूज बघा, मग तसाच दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, अदलाबदल करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि एक सावधगिरी: इंजिन गरम असताना बऱ्याच गाड्यांत हा फॅन किल्ली बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बोटं लांब ठेवा.

मुख्य तपासणी सकाळी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर करा. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर कधीही उघडायचं नाही. ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं: आतला दाब साधारण 1 किलोपर्यंत धरून ठेवतं, म्हणून पाणी 100 ऐवजी जवळपास 120 अंशांना उकळतं. गरम असताना ते सोडलं की दाब उतरतो, आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

थंड इंजिनावर झाकण काढा आणि आत टॉर्च मारा. पाणी काठोकाठ दिसायला हवं आणि ते हिरवं, लाल किंवा निळं, जे कूलंट घातलंय त्या रंगाचं, आरपार दिसणारं हवं. चहासारखं तपकिरी दिसत असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलंय. बोट आत घालून गळ्याच्या कडेनं फिरवा. तांबूस गाळ बोटाला लागला तर तोच गाळ खालच्या जाळीच्या बारीक नळ्यांत बसलाय असं समजा. झाकणाचं रबर उलटून बघा: कडक, चिरलेलं, चपटं झालेलं असेल तर झाकण बदला. झाकणाच्या मधोमध एक छोटी चकतीही असते. गाडी थंड होताना ती उघडते आणि बाजूच्या बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जातं. बाटली भरत जातेय, ओसंडतेय आणि रेडिएटर मात्र रिकामा, असं दिसलं तर दोष या चकतीचा किंवा बाटलीच्या बारीक पाइपचा. लोक फक्त बाटली बघतात, भरलेली दिसली की निर्धास्त होतात आणि आत रेडिएटर अर्धा कोरडा असतो. तुमच्या गाडीत हेच निघण्याची शक्यता मला बरीच वाटते.

मग इंजिन चालू करून गाडी गरम होऊ द्या. रेडिएटरचा वरचा होज आणि खालचा होज यांच्याजवळ हात नेऊन फरक बघा. सुरुवातीला वरचा कोमट आणि मग एकदम गरम होतो, तो थर्मोस्टॅट उघडल्याचा क्षण. थोड्या वेळानं खालचाही बऱ्यापैकी गरम व्हायला हवा. काटा वर चाललाय, वरचा होज चटका देतोय आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही किंवा रेडिएटर जाम आहे.

थर्मोस्टॅटची शंका घरच्या गॅसवर फिटते. काढून आणल्यावर त्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला दिसेल. त्या तापमानाला तो उघडायला सुरुवात करतो. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्यानं बांधून तळाला न टेकता लटकवा, शेजारी थर्मामीटर धरा. पाणी तापत जाईल तसा मधला व्हॉल्व्ह हळूहळू उचलला जायला हवा आणि उकळी येण्याच्या आत चांगला 8-10 मिलिमीटर उघडायला हवा. अर्धवटच उघडला तर नवा घाला. काही शे रुपयांचा पार्ट आहे.

पण काढून टाकू नका. थर्मोस्टॅट काढून गाडी चालवायची ही सवय आपल्याकडे फार मुरलेली आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला लवकर पोचतच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होऊन घासण वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्गही बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परत जातो आणि चढाला गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते.

रेडिएटर बाहेरूनही बघा. समोरून दिसते ती एसीच्या कंडेन्सरची जाळी. खरा रेडिएटर तिच्या मागे, आणि दोघांच्या मधल्या फटीत चिखल, किडे, वाळलेली पानं यांचा थर साठतो, जो समोरून दिसतच नाही. नळीनं पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूनं बाहेर, हलक्या दाबानं. वॉशिंग सेंटरच्या जेटनं जाळीचे पापुद्रे आडवे पडतात आणि हवा कायमची अडते. आतून जाम असेल तर रेडिएटर उतरवून चांगल्या रेडिएटरवाल्याकडून साफ करून घ्या. प्लॅस्टिकच्या टाक्या 15 वर्षांच्या असतील आणि कडेला पांढरे ओघळ दिसत असतील तर नवाच घेतलेला बरा.

कूलंट भरताना तयार मिश्रण घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. दोन वेगवेगळ्या जातींचं कूलंट एकमेकांत मिसळू नका. भरताना गाडीचं तोंड जरा चढाकडे ठेवा, केबिनचा हीटर फुल गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहा. हवा आत अडकली तर नवं कूलंट घालूनही काटा नाचतो. सांडलेलं कूलंट लगेच पाणी मारून धुऊन काढा. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटून मरतात, आणि लहान मुलांपासून तर कुलुपात ठेवा.

काटा चढला की हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) गेल्याची भीती घातली जाते, म्हणून त्याच्या खुणा सांगतो. थंड इंजिन सुरू केल्यावर उघड्या रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे, सुरू केल्यापासून मिनिट-दोन मिनिटांत दगडासारखा कडक होणारा वरचा होज, बाहेर कुठे गळत नसताना कमी होत जाणारं कूलंट, गरम इंजिनालाही येत राहणारा पांढरा गोडसर वासाचा धूर, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल. यातलं काहीच नसेल तर हेड उतरवू देऊ नका. ऑइलच्या झाकणाखाली पावसाळ्यात थोडी पिवळट साय धरते ती बहुतेक वेळा छोट्या फेऱ्यांमुळे साठलेल्या दमटपणाची असते. डिपस्टिक स्वच्छ असेल तर त्या सायीनं घाबरू नका.

आणि घाट चढतानाची पद्धत. तिसऱ्या गियरमध्ये इंजिन गुदमरवत ओढण्यापेक्षा दुसऱ्यात मोकळ्या आवाजात चढवा. पंप इंजिनाबरोबर फिरतो, पाणी जोरात वाहतं. काटा सरकू लागला की एसी बंद, हीटर फुल आणि काचा खाली; हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. तरी चढत राहिला तर सुरक्षित जागा बघून थांबा. काटा लाल पट्ट्याला टेकला असेल तर इंजिन बंद करा आणि बॉनेट उघडून किमान अर्धा-पाऊण तास काही करू नका. तापलेल्या इंजिनावर किंवा त्याच्या आत गार पाणी ओतलं की हेड वाकतं. मग खरंच हेड उतरवावं लागतं.

सकाळचा सेल्फ. आवाज नीट ऐका, तो बरंच सांगतो. भराभर कट-कट-कट म्हणजे करंट पोचतोय पण अपुरा: बॅटरी उतरलेली किंवा जोड सैल, गंजलेले. एकच ठोक 'टक' आणि पुढे शांतता म्हणजे सेल्फचा सोलेनॉइड किंवा कार्बन. आवाजच नाही तर इग्निशन स्विच, रिले किंवा अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची बॉडी आणि इंजिनाशी जोडणी). सेल्फ जोमात फिरतोय पण गाडी पकडत नाही, तर प्रश्न पेट्रोलचा किंवा स्पार्कचा. तेव्हा किल्ली ऑन करून मागच्या सीटखाली पंपाची दोन सेकंद गुणगुण ऐकू येते का बघा.

तुमचा आवाज पहिल्या जातीचा. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. घरातल्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा: मारताना 10 च्या आसपास टिकला तर बॅटरी दमदार, 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरी संशयित. इंजिन सुरू झाल्यावर 13.8 ते 14.5 यांच्या दरम्यान हवा. तो आला तर अल्टरनेटर चार्ज करतोय, बदलायचं कारण नाही. हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावूनही 13.5 च्या आसपास राहिला तर उत्तमच.

बॅटरी चांगली निघूनही सेल्फ रडत असेल तर वायर तपासा. इथेच जुन्या गाड्यांत खरी गोम असते आणि इथेच कुणी बघत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नको. दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. गियर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. आता सेल्फ मारायला सांगा. जोड चांगला असेल तर 0.2 च्या आसपास किंवा त्याहून कमी दिसेल. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढा दाब अर्थिंगच्या गंजात मरतोय. तसंच प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी हवा. अर्थिंगची पट्टी बॉडीला आणि गियरबॉक्सला जिथे बोल्टनं आवळलेली असते तिथला रंग, गंज पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या या पट्ट्या खारट दमट हवेनं आतून हिरव्या होतात, बाहेरून धडधाकट दिसतात. बॅटरी, अल्टरनेटर, सेल्फ तिन्ही बदललेल्या आणि तरीही रडणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात. त्यांतल्या बऱ्याच या एका पट्टीवर बऱ्या होतात.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं धुवा, पुसून कोरडं करा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरत असेल तर कुठेतरी करंट गळतोय. बॅटरीची मायनस वायर सोडून मीटर 10 अँपिअरवर ठेवून मध्ये जोडा, दारं बंद करून अर्धा तास थांबा, मग वाचा. 50 मिलिअँपिअरच्या आत ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा ज्यावर खाली येईल त्या सर्किटमध्ये चोर आहे. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक यांच्यावर माझा पहिला संशय असतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

ॲव्हरेज. आधी नीट मोजा: एकाच पंपावर टाकी फुल ते टाकी फुल, किमान 300 किलोमीटर. मग यातला काही भाग पेट्रोलचा आहे हे लक्षात घ्या. पेट्रोलमधलं इथेनॉल वाढत वाढत 2025 मध्ये 20 टक्क्यांवर आलं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणजे 20 टक्के मिश्रणात हिशेबानं 6-7 टक्के घट. 15.5 चे 14.5 झाले तर गाडीचा दोष नाही. त्याखालची घसरण मात्र शोधायला हवी. सपाट रस्त्यावर 10-15 किलोमीटर फारसे ब्रेक न मारता चालवून थांबा आणि चारही रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. एखादं चाक इतरांपेक्षा ठळक गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. हवा कमी आहे का बघा. थर्मोस्टॅट कधी काढलेला किंवा उघडा अडकलेला आहे का बघा. थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर तिच्यासाठी मिळणारा स्प्रे कापडावर मारून पुसा. प्लग काढून बघा: फिकट तपकिरी ठीक, काळा काजळलेला म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. प्लगच्या वायरींचं रबर तडकलं असेल तर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू करा. निळसर ठिणग्या इकडेतिकडे उडताना दिसतात.

इथेनॉलची दुसरी काळजी रबराची. 2010 च्या गाडीचे पेट्रोलचे होज 20 टक्के मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, होज फुगलेला, चिकट किंवा तडे गेलेला दिसला, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका. इथेनॉल चालणारा फ्यूल होज आणि नवे क्लॅम्प बसवून घ्या. या एका कामात चालढकल नको, गाडीला आग लागते ती अशीच.

ब्रेकचं घरी फक्त बघायचं, उघडायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 जातीचं ऑइल नवं असताना 205 अंशांना उकळतं, ओलावा मुरला की तेच 140 ला. कुंभार्ली उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर चाकातलं तापमान तिथवर जातं, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम खाली जातो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि ज्या गियरमध्ये घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरा. ऑइलची पातळी हळूहळू खाली जाणं बहुधा पॅड झिजल्याचं लक्षण असतं, तेव्हा नुसतं वरून भरून गप्प बसू नका. पेडल मऊ लागला, दाबून धरल्यावर खाली बसत गेला किंवा गाडी एका बाजूला ओढली, की गाडी तिथेच थांबवा आणि गॅरेजला कळवा. पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

टायमिंग बेल्ट शेवटी कधी बदलला याची पावती आहे का? नसेल तर बदललेला नाही असं धरा. तुमच्या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे, आणि गाडीगणिक 60 हजार ते 1 लाख किलोमीटरला तो बदलायचा असतो. शिवाय रबराचं वयही मोजायचं. तो तुटण्याआधी आवाज करत नाही. तुटला की गाडी जागेवर बंद पडते आणि या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच करा, कारण खोलायची मजुरी एकच आणि घाटातल्या काट्याचा एक संशयितही त्यात निकालात निघतो. हे काम गॅरेजचंच. चालू महिन्यात एकच खर्च परवडणार असेल तर हाच करा.

इंजिन ऑइल वर्षातून एकदा, गाडी थोडी चालली तरी. आठवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हची सील कडक झालीत. ऑइल भरत राहिलात तर गाडी त्यावर कितीतरी वर्षं चालते. जुन्या इंजिनात फ्लश किंवा 'इंजिनला नवी ताकद' देणाऱ्या बाटल्या मी घालत नाही, तुम्हीही घालू नका. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. तिथून ते रिसायकलिंगला जातं.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा वर्षांपुढच्या टायरची दरवर्षी बारकाईनं पाहणी करा, बाजूला चिरा दिसल्या तर बदला. कायद्यानं किमान 1.6 मिलिमीटर नक्षी लागते. कोकणातल्या पावसासाठी मी 3 च्या खाली जाऊ देत नाही.

जूनच्या आधी वायपरच्या खालच्या जाळीतली पानं काढा आणि दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी करा. ती तुंबली की पाणी गालिच्याखाली साठतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

हे सगळं वहीत लिहा: तारीख, किलोमीटर, काय बघितलं, काय आकडा आला, काय बदललं. कुठल्याही गॅरेजमध्ये 'सेल्फ मारताना अर्थिंगला 0.8 व्होल्ट पडतोय' असं सांगून गाडी दिलीत तर तीन पार्टचं बिल येत नाही.

राहिला प्रश्न काढायची कधी. इंजिन, गियरबॉक्स, एसी यांच्यामुळे या गाडीला निरोप देऊ नका, ते सगळं दुरुस्त होतं. गाडी लिफ्टवर घेतली की पुढचा लोअर आर्म आणि मागचा ॲक्सल जिथे बॉडीला बसतो ती जागा, आणि दाराखालचा लांब पट्टा, यांवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका आणि टोकानं दाबून बघा. ठणठणीत आवाज आला तर निश्चिंत. भद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, टोक आत घुसलं, तर वेल्डिंगचे तुकडे मारत बसू नका. अपघातात ती गाडी माणसांना वाचवणार नाही. तेव्हा गाडी भंगारवाल्याला चिठ्ठीवर देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, गाडी जमा केल्याचं 'ठेव प्रमाणपत्र' घ्या, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. आणि आरटीओत आरसी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका, कारण तोवर त्या नंबरची जबाबदारी वडिलांच्याच नावावर असते.